‘पाय कोण धरतलो?’ : शॉकची भीती आणि एक घर

“मॅडम, शॉक दिल्यावर आई आम्हाला ओळखेल ना?”

कणकवलीच्या ज्या दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते, तिथे हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. शब्द बदलतात. कोणी विचारतं मेंदू जळतो का, कोणी म्हणतं एकदा घेतला की जन्मभर घ्यावा लागतो असं ऐकलंय. मुळाशी भीती एकच असते, आपलं माणूस हातचं जाईल. आज एका घराची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगडकडच्या एका वाडीतल्या या काकी, वय ५८. थोडी कलमं, थोडी भातशेती, मुलाची रिक्षा, असं घर. सगळा कारभार काकींच्या हातावर चालायचा. आजार सुरू झाला तो पावसात. आधी झोप गेली, मग बोलणं. चतुर्थीला घरात गणपतीवरची माटवी बांधायची गडबड चालली असताना त्या खांबाला टेकून नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा धास्ती वाटली. दिवाळीपर्यंत जेवण सुटलं. विचारलं तर एकच सांगायच्या, “माझी आतडी कुसली हत. जेवण खय जातला?” आपल्या पापापायी घरावर जप्ती येणार, सगळे उपाशी मरणार, असंही पुटपुटायच्या. दिवसाला चार चमचे पेज, तीही सुनेने ओठांशी धरली तर. ५४ किलोच्या बाई ४१ वर आल्या होत्या.

घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. त्याबद्दल मी काही बोलले नाही, बोलायचं कारणही नव्हतं. कौल मिळाला तो डॉक्टरकडे न्या असाच मिळाला होता, असं काकांनी मला नंतर सांगितलं.

आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं, तीव्र डिप्रेशन, तेही भ्रमासकट. आतडी कुजल्याचं त्या सांगत होत्या तो हट्ट नव्हता, त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. गोळ्या आधी चालू झाल्या होत्या, पण निम्म्या गोळ्या तोंडातून बाहेर येत होत्या. शिवाय या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात, आणि काकींकडे तेवढे दिवस नव्हते. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं, लघवी कमी झाली होती. डॉक्टरांनी ईसीटी सुचवली. इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी हे पूर्ण नावही त्यांनी सांगितलं. मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे शॉक.”

या शब्दानंतर खोलीत पुढचं काहीच कोणाच्या कानात शिरत नाही. डॉक्टर बोलत राहतात, माणसं माना हलवतात, आणि बाहेर आल्यावर म्हणतात, आम्ही घरी विचारून सांगतो. आमच्याकडे ‘रत्नागिरीला पाठवायला हवं’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे, आणि पिढ्यान्पिढ्या तेवढ्याच एका वाक्याने माणसं घाबरत आली आहेत. त्यात शॉक हा शब्द पडला की संपलंच.

काका माझ्यासमोर बसले तेव्हा मी आधी ईसीटीबद्दल एक अक्षर बोलले नाही. विचारलं, “काका, शॉक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?”

बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “पाय कोण धरतलो?”

मला कळलं नाही.

“आमच्या काकाक शॉक दिलेले. मी सोळा वर्सांचो होतंय. चौघांनी धरलो त्येका. माका पाय धरूक सांगितल्यानी. आंग असा उडला, जाळ्यातलो मासो उडता तसा. त्येना माका मगे कधी वळखूक नाय.” मग त्यांनी विचारलं, “आता हिचो पाय कोण धरतलो? झील?” झील म्हणजे मुलगा.

पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कुठल्या दवाखान्यातली, ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. पण पाय कुठला होता ते आठवत होतं. डावा.

अशा वेळी ‘तो तुमचा गैरसमज आहे’ हे वाक्य तोंडावर येतं. मी ते फार पूर्वी सोडून दिलंय, कारण तो गैरसमज नसतोच. मी काकांना म्हटलं, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हा भूल नव्हती. रुग्णाला जागेपणी वीज द्यायचे, आकडी यायची आणि अंग इतक्या जोरात आखडायचं की कधी कधी हाडं मोडायची. पुढे भूल आली, स्नायू सैल करणारं इंजेक्शन आलं. पण आपल्याकडे भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून कित्येक ठिकाणी जुनीच पद्धत वर्षानुवर्षं चालू राहिली. सोळा वर्षांच्या पोराला पाय धरायला लावणं हे त्या वेळीही चुकीचंच होतं.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. काकांनी वर पाहिलं. माझ्या मते खरं समुपदेशन तिथून सुरू झालं.

मग कायद्याचं सांगितलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या ९५व्या कलमाने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला सरळ बंदी घातली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देताच येत नाही. “म्हणजे तुमच्या काकांना दिला तसा शॉक आज कोणी दिला तर तो गुन्हा आहे,” मी म्हटलं.

“मगे पाय?”

“पाय कोणी धरत नाही, काका. अंग उडतच नाही.”

आणि मग मी त्यांना पायाचंच सांगितलं, कारण त्यांचा प्रश्न पायाचा होता. मी स्वतः उभं राहून पाहिलेलं आहे. हाताला सलाईनची सुई असते, त्यातून भूल देतात, माणूस मिनिटभरात गाढ झोपतो. झोपल्यावर एका घोट्याच्या वर रक्तदाब मोजायचा पट्टा घट्ट फुगवतात. त्यानंतर स्नायू सैल करणारं इंजेक्शन. ते सगळ्या अंगात पसरतं, पट्ट्यामुळे तेवढ्या एका पावलात पोचत नाही. दातांमध्ये मऊ रबराचा तुकडा, तोंडावर ऑक्सिजन. कपाळाच्या बाजूला दोन ठिकाणी लावलेल्या पट्ट्यांतून वीज जाते ती फक्त काही सेकंद. मेंदूत आकडी येते, ती साधारण अर्धा ते एक मिनिट चालते. खरा उपचार ही आकडी आहे, वीज फक्त ती सुरू करून देते. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? त्या एका पावलाची बोटं हलताना दिसतात. डॉक्टर त्या बोटांकडे आणि यंत्रातून येणाऱ्या मेंदूच्या आलेखाकडे बघत सेकंद मोजतात. बोटं थांबली आणि आलेखही शांत झाला की आकडी संपली. पाच-दहा मिनिटांत माणूस डोळे उघडतो.

काकांनी आपल्याच पायाच्या बोटांकडे बघितलं. “येवढाच?”

एवढंच.

मुलाचे प्रश्न वेगळे होते. मोबाइलवर त्याने बरंच पाहिलं होतं, त्यात सिनेमातले प्रसंगही होते, जिथे शॉक शिक्षा म्हणून देतात. मेंदूच्या पेशी मरतात का, हे त्याने दोनदा विचारलं. उपचाराआधी आणि नंतर एमआरआय काढून मेंदू तपासले गेले आहेत, पेशी जळल्याचा किंवा मेल्याचा पुरावा मिळालेला नाही. उपचार नेमका कसा काम करतो याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही, हेही मी सांगितलं. जिवाला धोका आहे का? भूल दिली की थोडा धोका आलाच, पण तो फार कमी आहे, लाख उपचारांमागे साधारण दोन मृत्यू. म्हणून तर आधी ईसीजी, रक्त, छाती सगळं तपासतात, नुकताच हार्ट अटॅक आलेला नाही ना, डोक्यात गाठ नाही ना, हे पाहतात. आणि न खाता-पिता असंच राहिलं तर काकींच्या जिवाला असलेला धोका डॉक्टरांनी त्याच्यासमोर मांडलाच होता.

आता विस्मरण. इथे मला माझी एक चूक सांगायला हवी.

या कामात नवी होते तेव्हा एका तरुणाच्या आईला मी म्हटलं होतं, काही विसरायला होत नाही, तुम्ही निर्धास्त राहा. बाई रडत होत्या, त्यांना धीर द्यायचा होता. मुलगा बरा झाला. पण उपचाराच्या आधी महिनाभर जे घडलं त्यातलं बरंच त्याच्या हाती लागेना. मित्राचं लग्न, तिथे काढलेले स्वतःचेच फोटो. तो मला भेटायला आला आणि शांतपणे म्हणाला, “तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी लिहून ठेवलं असतं.” त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. गोळ्या चालू ठेवल्या की नाही, मला कळलं नाही. तो धीर खोटा होता आणि त्याची किंमत त्या मुलाने मोजली.

म्हणून आता मी पूर्ण सांगते. शुद्धीवर आल्यावर अर्धा-एक तास माणूस गोंधळलेला असतो, कुठे आहे कळत नाही. डोकं दुखतं, अंग दुखतं, मळमळतं, हे त्या दिवसापुरतं. उपचार चालू असेपर्यंत नवीन गोष्टी डोक्यात नीट टिकत नाहीत, तेच तेच विचारलं जातं, शेवटच्या ईसीटीनंतर काही आठवड्यांत हे सुधारतं. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतल्या, काहींच्या बाबतीत त्याआधीच्या काही महिन्यांतल्या आठवणी पुसट होतात. त्यातल्या बऱ्याच परत येतात, काही येत नाहीत. थोड्या लोकांना हा त्रास जास्त होतो आणि त्यांना तो मनापासून खुपतो. पण नवरा, मुलं, घर, स्वयंपाक, देवाची गाणी, हे मूळचं जात नाही. आणि डिप्रेशनने स्वतःही स्मरणशक्ती खाल्लेली असते. काकींना चतुर्थी आठवली नाही तर तो सगळा दोष शॉकचा नसेल.

लेकीने हे विरारहून फोनवर ऐकलं आणि ती चिडली. “आईला शॉक देऊ नका. मी येते, मी सांभाळते.” ती आठवड्यापूर्वीच चार महिन्यांच्या बाळाला घेऊन येऊन गेली होती. काकींनी नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं, चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं, पण हात सोडला नव्हता. लेक रडत म्हणाली, “ते पण विसरेल?”

मी म्हटलं, “शक्य आहे.”

ती गप्प झाली. मला वाटलं आता ही नाहीच म्हणणार. रात्री झोप येईना म्हणून तिने टेली-मानसच्या १४४१६वर फोन केला. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, २०२२पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथेही तिला हेच सांगितलं गेलं. सकाळी तिचा मेसेज आला, “दोघांनीही लपवलं नाही म्हणून हो म्हणते.”

सुनेने त्याच दिवशी शंभर पानी वही आणली. रोज घरात काय घडलं ते तारखेसकट लिहायचं, मागच्या महिन्याभरातलं आठवेल तेवढं मागे जाऊन लिहायचं. ही कल्पना मी त्या तरुणाकडून घेतलेली. पहिल्या पानावर तिने नातवाच्या भेटीचं लिहिलं.

काकी स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नव्हत्या, त्यामुळे कायद्याप्रमाणे त्यांचे प्रतिनिधी म्हणून काकांनी सही केली. तरी मी आणि डॉक्टर काकींच्या खाटेशी बसलो आणि जे करणार होतो ते त्यांनाही सांगितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. काही कुटुंबांना हे फुकटचं वाटतं, तिला काय कळतंय म्हणतात. पुष्कळ कळत असतं. बरी झालेली माणसं नंतर सांगतात.

ज्या हॉस्पिटलात सोय होती तिथे त्यांना नेलं, दोन दिवस सलाईन लावून पोटॅशियम वर आणलं. आदल्या संध्याकाळी नर्सने सांगितलं, केस धुवा, तेल नको. तेल असलं की पट्ट्या नीट चिकटत नाहीत. सून शिकेकाई घेऊन बसली आणि काका दारात घुटमळले. तेव्हा कळलं की या चार महिन्यांत रोज संध्याकाळी काका त्यांच्या केसांना खोबरेल लावून वेणी घालत होते. काकी एवढं एकच करू देत होत्या. सुनेने तीनदा केस धुतले तरी वास गेला नाही.

मंगळसूत्र, बांगड्या, केसांच्या पिना काढल्या, वरच्या दातांची कवळी काढली. रात्रीपासून पोटात अन्न नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मी प्रत्येक घराला हात जोडून सांगते. मायेपोटी पहाटे अर्धा कप चहा पाजणारे लोक असतात. भुलीत तो चहा फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं, आणि पाजल्याचं लपवलं तर डॉक्टरांना कळतही नाही. चुकून दिलाच असेल तर सांगून टाका. त्या दिवसाचा उपचार पुढे जाईल, एवढंच होईल.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरले. पहिल्या दिवशी काकांना आत सोडलं नाही, पण शुद्धीवर आणायच्या खोलीत सोडलं. ते खुर्ची घेऊन उशाशी बसले नाहीत. पायाशी जाऊन उभे राहिले आणि चादरीवरून त्यांनी काकींचं डावं पाऊल धरलं. डोळे उघडेपर्यंत धरून होते. नर्स मला काहीतरी म्हणणार होती, मी तिला खुणेने थांबवलं.

पहिल्या दोन ईसीटीनंतर फार काही दिसलं नाही, आणि घरच्यांचा धीर सुटत चालला. हे मी आधी सांगून ठेवलं होतं. बहुतेकांना सहा ते बारा लागतात, फरक सहसा तिसऱ्या-चौथ्यापासून दिसू लागतो. तिसऱ्यानंतर दुपारी सून पेज भरवत होती. काकींनी दुसरा चमचा गिळला, थांबल्या आणि म्हणाल्या, “पेजेत मीठ नाय.”

सून मला फोनवर सांगताना रडत होती. ज्या बाईच्या लेखी पोटात आतडीच उरली नव्हती, तिला पेज अळणी लागली.

पाचव्यानंतर त्या दोन-चार वाक्यं सलग बोलू लागल्या. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना आता समजत होतं, त्यामुळे पुढची संमती त्यांचीच घ्यायची होती. मुलगा घाबरला. “नाही म्हणाली तर? मधेच थांबलं तर? नका विचारू, मॅडम.” पुष्कळ घरांत हे होतं, आणि इथे मी ऐकत नाही. तिला समजत असताना तिच्या डोक्यावरून निर्णय घेणं कायद्यातही बसत नाही, माणुसकीतही नाही.

मी सगळं पुन्हा सांगितलं, विस्मरणासकट. काकींनी विचारलं, “माझा काय काय गेला?”

सुनेने वहीचं पहिलं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. नातू आला होता, मांडीवर घेतला होता. त्यांना आठवत नव्हतं. सुनेने मोबाइलवर फोटो दाखवला. त्या फोटोतल्या स्वतःकडे त्या बघत राहिल्या, मग बाळाकडे. डोळे भरले. मुलगा माझ्याकडे रागाने बघत होता, ते मला दिसत होतं.

मग त्या म्हणाल्या, “डोक्यातलो काळोख कमी झालो हा. आजून घेतंय. पण जां करतलास तां माका सांगून करा.” आणि स्वतः सही केली.

एकूण आठ ईसीटी झाल्या. घरी गेल्या तेव्हा वजन फार वाढलं नव्हतं, पण जेवत होत्या. घरी गेल्यावर दुसरं वादळ आलं. वाडीतले म्हणू लागले, शॉक घेऊन बरी झाली ना, आता गोळ्या कशाला? शिमग्याच्या धामधुमीत दहा-बारा दिवस गोळ्या राहिल्या आणि पहाटेची झोप पुन्हा उडाली. सुनेने लगेच फोन केला म्हणून वेळेत सावरलं. ईसीटीने आजार खाली बसतो, तो खाली ठेवायला गोळ्या लागतात. गोळ्यांशिवाय पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकांचा आजार उलटतो. जन्मभर शॉक घ्यावे लागतात का, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. बहुतेकांना नाही. काहींना आजार वारंवार उलटत असेल तर महिन्या-दीड महिन्याने एखादी ईसीटी काही काळ चालू ठेवतात, ते डॉक्टर आणि घरचे मिळून ठरवतात.

लेक मे महिन्यात आली. काकी पडवीत आंबे पेटीत भरत होत्या. त्यांनी लेकीला ओळखलं, नातवाला हातात घेतलं. तो आता वर्षाचा होत आला होता. मागची भेट त्यांना आजही आठवत नाही. लेकीने ते मला स्वतः सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

गेल्या महिन्यात काका-काकी गोळ्या न्यायला आले होते. काकींनी पिशवीतून ती वही काढली. आता त्या अधूनमधून ती वाचतात, आपल्याला न आठवणाऱ्या दिवसांत घर काय करत होतं ते बघतात. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. पहिल्या ईसीटीच्या दिवशी सुनेने लिहिलं होतं, ‘बाबा आईंच्या पायाशी उभे होते. पाय धरून.’

“ह्ये माझे पाय कित्याक धरून ऱ्हवले?” काकींनी मला विचारलं. “मी इचारलंय तर बोलनत नाय.”

मी काकांकडे बघितलं. ते टोपी हातात फिरवत होते. मी म्हटलं, “काका, तुम्हीच सांगा.” आणि दोघांना खोलीत ठेवून मी बाहेर येऊन बसले. आतून बराच वेळ फक्त काकांचा आवाज येत होता.